योहानाच्या नावाचे बेट आणि त्याचा सणांचा उन्हाळा

जगाच्या नकाशावर पुण्यावर बोट ठेवून सरळ पश्चिमेकडे जात राहिलो, तर अरबस्तान, आफ्रिकेचे वाळवंट आणि अटलांटिक महासागर ओलांडल्यावर जवळजवळ त्याच अक्षांशावर एक बेट लागते. कॅरिबियन समुद्रातील हे बेट म्हणजे पोर्तो रिको. नारळ, केळी, आंबा, निरफणस, दमट खारा वारा आणि जून लागताच आकाशाकडे वळणारे डोळे, यांपैकी काहीच आपल्या किनाऱ्यावरील माणसाला परके वाटणार नाही. सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या या बेटावर ७८ नगरपालिका आहेत आणि प्रत्येक गावाला स्वतःचा पालक संत आहे. त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे सण असतोच. परंतु जूनअखेर ते जुलैअखेर हा महिना तेथील सणांच्या ऐन बहराचा असतो.

रंगीबेरंगी मुखवटे, ढोलांचे ताल, समुद्रकिनाऱ्यावरील मध्यरात्र ही या सणांची छायाचित्रे पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून सर्वत्र पोहोचली आहेत. त्या छायाचित्रांत न दिसणारी बाजू मात्र आपल्यासारख्या भाविकांनी समजून घेण्याजोगी आहे. सण नेमका कोणाचा? नगरपालिकेचा, पर्यटकांचा, चर्चचा, की ज्या घरात संताची मूर्ती वर्षभर सांभाळली जाते त्या घराचा? लोक गाव सोडून जाऊ लागले, वादळाने छपरे उडाली, तिजोरी रिकामी झाली, तर सणाचे काय उरते? पोर्तो रिकोच्या उन्हाळ्यात हे प्रश्न दरवर्षी नव्याने उभे राहतात. आपल्या धर्मग्रामांतही ते फार दूर नाहीत.

संताच्या नावाने ओळखले गेलेले बेट

१९ नोव्हेंबर १४९३ रोजी क्रिस्तोफर कोलंबस या बेटावर उतरला आणि त्याने बेटाला ‘सान हुआन बाउतिस्ता’, म्हणजे संत योहान बाप्तिस्ता, असे नाव दिले. बेटावर तायनो नावाचे मूळ रहिवासी होते आणि त्यांनी आपल्या भूमीला आधीच बोरिकेन हे नाव दिलेले होते. आजही तेथील लोक स्वतःला अभिमानाने ‘बोरिकुआ’ म्हणवतात. पुढे स्पॅनिश वसाहत वसली. उत्तर किनाऱ्यावरील सुरक्षित बंदराला ‘पुएर्तो रिको’, म्हणजे समृद्ध बंदर, म्हटले जाई. कालांतराने नावांची अदलाबदल झाली. बंदराचे नाव साऱ्या बेटाला मिळाले आणि बेटाचे नाव राजधानीपुरते उरले.

संताची खूण मात्र पुसली गेली नाही. १५११ साली स्पेनच्या राजसत्तेने बेटाला दिलेल्या मानचिन्हात ग्रंथावर बसलेला कोकरू आहे. योहानाने यार्देन नदीकाठी ज्याच्याकडे बोट दाखवले तोच हा कोकरू. त्याखालचे लॅटिन ब्रीद जखऱ्याच्या पाटीवरचे आहे. मुका झालेल्या त्या पित्याने आपल्या मुलाचे नाव काय ते पाटीवर लिहून दिले, हा लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. त्याच १५११ साली पोप दुसरे ज्युलियस यांनी या बेटासाठी धर्मप्रांत स्थापन केला. त्याचे पहिले महागुरुस्वामी अलोन्सो मान्सो हे अमेरिका खंडांच्या भूमीवर प्रत्यक्ष येऊन पोहोचलेले पहिले महागुरू होत.

स्पेनची सत्ता येथे जवळपास चारशे वर्षे टिकली. वसई परिसरात पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशे वर्षांचा होता. इबेरियाच्या एकाच भूमीतून आलेल्या धर्मगुरूंनी दोन्हीकडे चर्चपुढचे मोकळे पटांगण, नऊ दिवसांचा नोव्हेना आणि संताची मिरवणूक रुजवली. म्हणूनच पोर्तो रिकोच्या सणांविषयी वाचताना आपल्याला ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटते.

गावाचा सण: चर्चची बाजू आणि चौकाची बाजू

पोर्तो रिकोतील जुन्या गावाची रचना ठरलेली असते. मध्यभागी चौक, त्याच्या एका बाजूला चर्च आणि बहुधा समोरच्या बाजूला नगरपालिकेची इमारत. गावच्या सणाचे स्वरूपही या रचनेसारखेच आहे. चर्चच्या बाजूने नोव्हेना, सणाच्या दिवसाची गायन मिस्सा आणि संताची मिरवणूक असते. चौकाच्या बाजूने आठ-दहा दिवस चालणारी जत्रा असते. तीत संगीताचे मंच, आकाशपाळणे, हस्तकलेची दुकाने, लाकडी घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावण्याचा ‘पिकास’ नावाचा जुगारी खेळ, खारवलेल्या माशाची मोठी कुरकुरीत भजी आणि किसलेल्या बर्फावर रंगीत सरबत घालून दिला जाणारा ‘पिरागुआ’ हे सारे येते. आपल्या बर्फाच्या गोळ्याचे हे सख्खे भावंडच म्हणावे.

स्पेनच्या काळात या दोन्ही बाजूंचा यजमान एकच होता, कारण धर्म आणि राज्य एकत्र होते. १८९८ साली अमेरिकेने बेट ताब्यात घेतल्यावर चर्च आणि शासन वेगळे झाले. प्रॉटेस्टंट पंथांचे मिशनरी आले. २०१४ साली प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत बेटावरील ५६ टक्के प्रौढांनी आपण कॅथोलिक असल्याचे, तर ३३ टक्क्यांनी प्रॉटेस्टंट असल्याचे सांगितले. अशा समाजात नगरपालिकेची जत्रा सर्वांची असते आणि धर्मग्रामाचा सण भाविकांचा असतो. दोहोंचे नाव मात्र एकच राहते. अनेक गावांत संताचे नाव फलकावर आणि माणसे मंचासमोर, असे चित्र दिसते. जत्रा वाईट नाही. ती गावाला एकत्र आणते. परंतु चर्चची बाजू ओस पडली, तर उरलेला उत्सव कोणत्याही तारखेला आणि कोणत्याही नावाने करता येईल. ही चिंता तेथील धर्मगुरूंना आहे आणि जुन्या पिढीलाही आहे.

योहानाची रात्र

२३ जूनच्या संध्याकाळी बेटावरील कुटुंबे समुद्राकडे निघतात. राजधानीजवळच्या इस्ला व्हेर्दे आणि एस्काम्ब्रोन या किनाऱ्यांवर गर्दी लोटते. सोबत डबे असतात, वाद्ये असतात, पेंगुळलेली मुले असतात. मध्यरात्रीचा ठोका पडला की सारे समुद्राकडे पाठ करून उभे राहतात आणि मागच्या मागे पाण्यात पडतात. कोणी तीनदा, कोणी सातदा, कोणी बारा वेळा. वर्षभराची पीडा धुऊन जावी आणि पुढचे वर्ष सुखाचे जावे, ही त्यामागील भावना. त्याच रात्री ग्लासभर पाण्यात अंड्याचा पांढरा बलक सोडून त्याच्या आकारावरून भविष्य पाहण्याची जुनी रीतही बेटावर होती.

यात श्रद्धा किती आणि समजूत किती, हा प्रश्न रास्त आहे. युरोपात उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास अग्नी आणि पाणी यांभोवती रचलेल्या प्रथा होत्याच, आणि त्यांतील काही ख्रिस्ती समाजात योहानाच्या सणाला चिकटून राहिल्या. पवित्र सभेने मात्र या तारखेला स्वतःचा अर्थ दिला. मरियेला देवदूताचा संदेश मिळाला तेव्हा अलिशिबेला सहावा महिना होता. म्हणून ख्रिस्तजन्माच्या सणाआधी सहा महिने, २४ जूनला, योहानाचा जन्मदिन येतो. या दिवसापासून उत्तर गोलार्धात दिवस लहान होत जातो आणि नाताळपासून मोठा होऊ लागतो. ख्रिस्ताची वृद्धी व्हावी आणि आपण मागे सरावे, ही योहानाची वृत्ती संत ऑगस्टीन यांनी या दिनमानाशी जोडून दाखवली. म्हणजे योहानाचा सण हा स्वतः मागे सरण्याचा सण आहे. मध्यरात्री पाठमोरे पाण्यात पडणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितले, तर त्याच्या त्या कृतीला निराळीच खोली येईल.

आपल्या शेजारच्या गोव्यात हाच सण ‘सांजांव’ या नावाने साजरा होतो. पानाफुलांचा ‘कोपेल’ डोक्यावर घालून तरुण पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या मारतात, नवविवाहित जावयाचे कौतुक होते, शिवोलीला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. मरियेच्या भेटीने अलिशिबेच्या उदरातील बाळाने उडी मारली, त्या आनंदाची ही आठवण आहे, असे तेथे सांगितले जाते. पोर्तो रिकोत समुद्र आहे आणि गोव्यात विहीर; मात्र दोन्हीकडील पाणी यार्देन नदीची आठवण देते. ज्याने लोकांना पाण्यात उतरवून पश्चात्तापाचा बाप्तिस्मा दिला, त्याच्या सणाला लोक पाण्याकडे ओढले जावेत, यात नवल नाही. फक्त स्नानामागचा पश्चात्ताप विसरला जाऊ नये.

समुद्रावर निघालेली माता

जुलैच्या मध्यावर बेटाचे लक्ष पुन्हा पाण्याकडे वळते. १६ जुलै हा कार्मेल मातेचा सण. स्पॅनिश भाषिक जगात कार्मेल माता ही दर्यावर्दी आणि मच्छीमार यांची आश्रयदात्री मानली जाते. पोर्तो रिकोत कातान्यो, आरोयो अशा किनारी गावांची तीच पालक आहे. राजधानीसमोर खाडीच्या पलीकडे असलेल्या कातान्योत मातेची मूर्ती फुलांनी सजवून होडीत ठेवली जाते आणि मागोमाग इतर होड्या निघतात. समुद्रात बळी गेलेल्यांसाठी प्रार्थना होते आणि पाण्यावर फुले वाहिली जातात.

कोळी समाजातील आपल्या बांधवांना या मिरवणुकीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावरही हंगाम सुरू होण्यापूर्वी होड्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. ज्याचे पोट पाण्यावर आहे आणि ज्याचा जीवही त्याच पाण्याच्या स्वाधीन आहे, त्याची प्रार्थना कधी कोरडी नसते. पोर्तो रिकोच्या उन्हाळी सणांत श्रद्धा आणि रोजचे जीवन यांतील अंतर कोठे सर्वांत कमी असेल, तर ते या होड्यांत.

लोइझाचा संत याकोब

या साऱ्या उन्हाळ्याचा कळस पाहायचा असेल, तर सान हुआनच्या पूर्वेला किनाऱ्यावर वसलेल्या लोइझा गावी जायला हवे. हे गाव आफ्रिकी वंशाच्या लोकांचे. त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून या बेटावर आणले गेले. इतिहासाचा एक विरोधाभास येथे ध्यानात घ्यावा. १६६४ साली स्पेनच्या राजसत्तेने असा हुकूम काढला, की शेजारच्या इतर सत्तांच्या बेटांवरून पळून आलेले गुलाम कॅथोलिक झाले आणि राजाशी निष्ठावंत राहिले, तर त्यांना स्वतंत्र मानावे. परंतु पोर्तो रिकोतीलच मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची सुटका व्हायला २२ मार्च १८७३ हा दिवस उजाडावा लागला.

लोइझाच्या धर्मग्रामाचे अधिकृत पालक आयर्लंडचे संत पॅट्रिक आहेत आणि तेथील जुने चर्च पवित्र आत्मा व संत पॅट्रिक यांच्या नावाने आहे. तरीही लोकांच्या हृदयात स्थान आहे ते प्रेषित संत याकोब यांना. त्यांचा सण २५ जुलैला येतो. तेथे संत याकोबाच्या तीन मूर्ती आहेत. एक पुरुषांची, एक स्त्रियांची आणि एक मुलांची. २६, २७ आणि २८ जुलै या तीन दिवशी अनुक्रमे एकेका मूर्तीची मिरवणूक निघते आणि ‘लास काररेरास’ या भागाकडे जाते. वाटेत दुसऱ्या मूर्तीचे घर लागले, की ती मूर्तीही बाहेर आणून भेट घडवली जाते.

‘मूर्तीचे घर’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा आहे. या मूर्ती चर्चमध्ये नसतात. प्रत्येक मूर्ती सांभाळण्याची जबाबदारी एका कुटुंबाकडे असते आणि बहुधा ती त्या घरातील स्त्री पार पाडते. वर्षभर दिवा लावणे, नवस फेडायला आलेल्यांचे स्वागत करणे, सणापूर्वी नऊ दिवस घरी प्रार्थना चालवणे, वर्गणी गोळा करणे, मिरवणुकीची तयारी करणे ही सारी तिची सेवा. मानधन नाही, पद नाही; गावाचा विश्वास हीच तिची नेमणूक.

सर्वांत लहान असलेली मुलांची मूर्ती लोकांना सर्वाधिक प्रिय आहे. तिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका स्त्रीला ती एका झाडात सापडली. तिने ती घरी नेली, तर दुसऱ्या दिवशी मूर्ती पुन्हा झाडात. असे वारंवार घडले. अखेर धर्मगुरूंनी आशीर्वाद दिल्यावर मूर्ती लोकांत राहिली. ज्या ठिकाणी ते झाड होते, तेथेच आजही मिरवणुका जातात. आख्यायिका ती आख्यायिका. परंतु संताने किल्ल्याऐवजी गरिबांच्या वस्तीतील एक झाड निवडले, असे सांगणाऱ्या समाजाने तीत आपली श्रद्धा आणि आपला स्वाभिमान दोन्ही सांगितले आहेत.

कारण या संताची पारंपरिक स्पॅनिश प्रतिमा विजेत्याची आहे. घोड्यावर स्वार, हाती तलवार आणि टापांखाली पडलेला मूर, असे तिचे रूप. शुभवर्तमानातील जब्दीचा मुलगा, जाळी सोडून येशूमागे निघालेला कोळी आणि प्रेषितांतील पहिला रक्तसाक्षी, याच्याशी त्या तलवारीचे नाते जोडणे कठीण आहे. ज्यांना जिंकून आणले गेले, त्यांच्याच हाती विजेत्याचा हा संत दिला गेला. त्यांनी तो नाकारला नाही. त्यांनी त्याला आपल्या घरात घेतले. मिरवणुकीत ‘काबाय्येरो’, म्हणजे स्पॅनिश सरदार, असतात. त्यांच्याविरुद्ध ‘बेहिगान्ते’ असतात. नारळाच्या सोडणाचा, शिंगे आणि बांबूचे दात असलेला मुखवटा आणि वटवाघळाच्या पंखांसारख्या बाह्यांचा झगा हा त्यांचा वेष. जनावराचे फुगवलेले मूत्राशय हाती घेऊन मुलांना भिववणे ही त्यांची जुनी रीत, आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. सोंगांत म्हातारे असतात, स्त्रीवेष घेऊन दारे झाडणारे पुरुषही असतात. मूळ कथेप्रमाणे बेहिगान्ते हा दुष्टाचा पक्ष. लोइझाच्या लोकांनी मात्र आपली सारी कला आणि सारा विनोद त्याच पक्षाला दिला.

मानववंशशास्त्रज्ञ रिकार्दो आलेग्रिया यांनी १९४९ साली या सणाचा अभ्यास केला आणि १९५४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. घोडेस्वार संताच्या भक्तीत पश्चिम आफ्रिकेतील योरूबा लोकांच्या मेघगर्जनेच्या देवतेची स्मृती मिसळली असावी, असे त्यांनी सुचवले. हा मुद्दा काहींना अस्वस्थ करील. परंतु ज्यांची भाषा, नावे आणि कुटुंबे हिरावली गेली, त्यांच्या प्रार्थनेत जुन्या घराचे काही स्वर उरले असतील, तर त्याबद्दल त्यांना दोष देण्यापूर्वी आपण थांबायला हवे. नवस, नोव्हेना, मिरवणूक आणि मिस्सा यांतून तोच समाज शतकानुशतके ख्रिस्ताच्या एका प्रेषिताचे नाव घेत आला आहे.

२५ जुलै या तारखेला बेटाच्या इतिहासातही वजन आहे. १८९८ साली याच दिवशी अमेरिकन फौजा ग्वानिका येथे उतरल्या आणि १९५२ साली याच दिवशी बेटाची राज्यघटना अंमलात आली. कोणी या दिवशी ध्वज फडकावतो, कोणी निषेध करतो. लोइझात मात्र त्या दिवशी प्रथम संताचे नाव घेतले जाते.

संतांची नावे, वादळांची नावे

पोर्तो रिकोचा उन्हाळा हा वादळांचाही काळ आहे. जूनच्या प्रारंभापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळांना हल्लीची नावे मिळण्यापूर्वी या बेटावर एक विलक्षण प्रथा होती. ज्या संताच्या दिवशी वादळ यायचे, त्याचेच नाव वादळाला मिळायचे. २६ जुलै १८२५ चे वादळ ‘सान्ता आना’, ८ ऑगस्ट १८९९ चे ‘सान सिरियाको’, १३ सप्टेंबर १९२८ चे ‘सान फेलिपे’. यांतील सान सिरियाको वादळाने तीन हजारांहून अधिक बळी घेतले आणि कॉफीचे मळे उद्ध्वस्त केले. १९५६ च्या ऑगस्टमधील वादळाला हवामान खात्याने बेट्सी म्हटले, तरी बेटाने त्याला ‘सान्ता क्लारा’च म्हटले.

यात संतांचा उपमर्द नव्हता. सण आणि संकट दोन्ही एकाच दिनदर्शिकेवर नोंदवण्याची ती रीत होती. ज्या पानावर आनंद लिहायचा, त्याच पानावर मृतांची आठवणही लिहायची. शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या घरात कालगणना अशीच होत असते.

२० सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या वादळाचे नाव मात्र हवामान खात्याच्या यादीतून आले होते. ते होते ‘मारिया’. साऱ्या बेटाची वीज गेली आणि शेवटच्या घरापर्यंत ती परत यायला सुमारे अकरा महिने लागले. सुरुवातीला शासनाने ६४ मृत्यू सांगितले. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर २,९७५ हा अंदाज शासनाने मान्य केला. यांतील बहुतेक माणसे वाऱ्याने मेली नाहीत. औषध थंड ठेवायला वीज नव्हती, उपचाराची यंत्रे बंद पडली, रस्ते तुटले, फोन लागेना, म्हणून ती गेली.

अशा दिवसांत शेजारच्या घरात म्हातारे कोण आहे, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाकडे मोठे पातेले आहे, हे ज्याला ठाऊक असते, तोच उपयोगी पडतो. ही माहिती नोव्हेनाची वर्गणी गोळा करणाऱ्यांना, मिरवणुकीचा मार्ग आखणाऱ्यांना आणि सणाचा स्वयंपाक करणाऱ्यांना असते. धर्मग्रामे आणि कारितास यांनी अन्न, पाणी व औषधे वाटली. त्यामागे हीच ओळख कामी आली. सणाची व्यवस्था हा संकटाच्या व्यवस्थेचा दरवर्षीचा सराव असतो. एकत्र येऊन शेकडो लोकांचे जेवण शिजवण्याची सवय ज्या गावाने मोडली, त्याला संकटाच्या दिवशी ती एकाएकी येत नाही.

रिकामी होणारी गावे

वादळापूर्वीच बेट कर्जबाजारी झाले होते. २०१७ च्या मे महिन्यात त्याचे कर्जप्रकरण दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेले. नोकऱ्या नाहीत आणि अमेरिकेचे नागरिकत्व १९१७ पासून हाती आहे, त्यामुळे तरुण मंडळी न्यूयॉर्क, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया गाठतात. २०१० च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ३७,२५,७८९ होती. २०२० मध्ये ती ३२,८५,८७४ झाली. लोइझाची लोकसंख्या याच दहा वर्षांत सुमारे ३०,००० वरून २४,००० च्या आत आली. मूर्ती खांद्यावर घेणारे खांदे कमी झाले, असा या आकड्यांचा अर्थ आहे. त्यात २०२० साली महामारीमुळे सार्वजनिक उत्सवच थांबले.

परंतु गेलेल्यांनी सणही सोबत नेला. १९५३ सालापासून न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांतात पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांसाठी संत योहानाचा सण साजरा होऊ लागला. ते लोक गरीब होते, इंग्रजी न येणारे होते आणि तेथील चर्चच्या मागच्या बाकांवर बसत होते. फादर इव्हान इलिच यांनी पुढाकार घेऊन हा सण बंदिस्त कॅथेड्रलमधून फोर्डहॅम विद्यापीठाच्या मोकळ्या मैदानावर आणला. गावच्या चौकात होते तशी मिस्सा, मिरवणूक आणि मग जेवण. परक्या शहरात त्यांना आपला चौक परत मिळाला. लोइझाहून गेलेल्यांनीही न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये संत याकोबाचा सण सुरू केला.

आपल्या धर्मग्रामांतूनही आज आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेली कुटुंबे आहेत. सणाच्या दिवसांत गावी येण्यासाठी रजा जुळवणारी माणसे आपण पाहतो. त्यांना सणाने ओढून आणले, तर ते कशाने? मंडप आणि वाद्यवृंद त्यांना तिकडेही मिळतात. गावच्या वेदीसमोर आपल्या आजीच्या जागी गुडघे टेकणे मात्र दुसरीकडे मिळत नाही.

आपण काय घ्यावे?

लोकभक्तीविषयी पवित्र सभेचे मार्गदर्शन समतोल आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसारावरील आपल्या पत्रात लोकभक्तीतील उणिवा आणि गुण दोन्ही मांडले. तिच्यात अंधश्रद्धेचा धोका आहे. पण गरिबांना आणि साध्या माणसांनाच ठाऊक असलेली देवाची तहान, त्याग आणि सहनशीलताही तिच्यात आहे. २००१ साली उपासनाविषयक परिषदेने लोकभक्ती व उपासना यांवर जी मार्गदर्शिका काढली, तिचाही गाभा असा, की लोकभक्तीने उपासनेची जागा घेऊ नये, आणि उपासनेच्या नावाखाली लोकभक्ती चिरडलीही जाऊ नये.

हे दोन्ही टोके सांधणारा एक साधा माणूस याच बेटाने पवित्र सभेला दिला. धन्यवादित कार्लोस मान्वेल रॉद्रिगेझ यांचा जन्म १९१८ साली काग्वास गावी झाला. ते धर्मगुरू नव्हते. एक कारकून होते आणि आजन्म पोटाच्या व्याधीने त्रस्त होते. उपासना लोकांना त्यांच्या भाषेत समजावी, भाविकांनी तीत प्रेक्षक म्हणून न बसता सहभागी व्हावे आणि पुनरुत्थानाची जागरण-रात्र साऱ्या वर्षाचा केंद्रबिंदू व्हावी, यासाठी त्यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून पुस्तिका आणि भाषांतरे काढली. १३ जुलै १९६३ रोजी, सणांच्या ऐन हंगामात, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उपासनेवरील संविधान प्रसिद्ध झाले आणि ज्या गोष्टींसाठी ते झटले, त्यांतील अनेक साऱ्या जगाच्या झाल्या. २९ एप्रिल २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

कार्लोस मान्वेल यांच्यापासून आपण हे शिकावे, की सणातील वेदीची बाजू बळकट करण्याचे काम केवळ धर्मगुरूंचे नाही. मिस्सेतील वाचन नीट समजून करणे, नोव्हेनाच्या नऊ दिवसांचा अर्थ मुलांना सांगणे, संताचे चरित्र जाणून घेणे हे प्रापंचिकांना सहज करता येते. लोइझाच्या मूर्ती सांभाळणाऱ्या स्त्रियांपासून शिकावे, की सण हा वर्षातील एका दिवसाचा नसतो. घरातील दिवा बाकीचे ३६४ दिवस तेवत असेल, तर त्या एका दिवसाला अर्थ येतो. आणि वादळाच्या दिवसांपासून शिकावे, की सणाच्या हिशेबाच्या वहीत मंडपाच्या खर्चाबरोबर शेजारच्या आजारी माणसाचीही नोंद असावी.

पुढच्या वेळी आपल्या धर्मग्रामाच्या सणाची बैठक भरेल, तेव्हा वाद्ये कोणती आणि रोषणाई किती यावर चर्चा होईलच. ती जरूर व्हावी. त्याआधी थोडा वेळ काढून आपण एकमेकांना विचारावे, की या वर्षी कोणते घर सणाला येऊ शकणार नाही, आणि त्या घरापर्यंत सण कोण नेणार. ज्या संताच्या नावाने पोर्तो रिको ओळखले गेले, त्याने आयुष्यभर स्वतः बाजूला होऊन दुसऱ्याकडे बोट दाखवले. आपल्या सणांनाही ती दिशा लाभो.